सांगणारा की सांगणारी?

उदगीरच्या कॉलेजात आनंदराज सर जादूच्या दुनियेतली कादंबरी शिकवत होते. "गोष्ट सगळी ‘मी’ सांगतो, नाव कुठंच नाही. मग गरुडावर बसून लढणारा हा ‘मी’ पुरुष आहे, हे कशावरून ओळखायचं?"

"‘उडालो’ म्हणतो की सर!" पोरं एका सुरात ओरडली.

शिवांगी उठली. "पण सर, आमची आजी बी ‘मी आलो’च म्हणती. हा ‘मी’ बी बाई असंल तर?"

वर्ग खदखदून हसला. सरांना मात्र हसू येईना. सकाळीच पाहुण्यांसमोर त्यांनी आईला टोकलं होतं, "चहा टाकतो नाही गं, टाकते म्हण!"

संध्याकाळी घरी येताच त्यांनी हळूच विचारलं, "आई, दुपारी जेवलीस ना?"

 

आई आधी ‘जेवलो’ पुटपुटली, मग ‘जेवले’ पुटपुटली, आणि शेवटी म्हणाली, "जेवण झालं."