देवाचा नारळ

नारळ कुणाच्या हातात ठेवायचा हे आजच ठरायला हवं होतं, आणि परशुरामकाकांचं काही केल्या ठरत नव्हतं.

गोडदेवच्या देवळाची ही जुनी रीत. उत्सवातलं शेवटचं कीर्तन संपलं की पंचांच्या वतीने काकांनी देवापुढचा नारळ एका माणसाला द्यायचा. निवडणुकीच्या वर्षी या नारळाला फार मान. नारळ ज्याच्या हाती, जुन्या गावाची मतं त्याच्या पदरी, हे नव्या टॉवरमधल्या मंडळींनाही ठाऊक होतं.

यंदा उमेदवार दोन. एक मितेश. त्याने उत्सवाला पंखे दिले होते आणि प्रत्येक पंख्यावर स्वतःचा हसरा फोटो चिकटवला होता. वारा येवो न येवो, मितेश गरगर फिरायचाच.

दुसरा पंढरीनाथ. टीव्हीवरच्या कबड्डीत तो कोपऱ्यात उभा राहायचा, आणि समोरच्याचा घोटा एकदा धरला की सोडायचा नाही. गुडघा गेला, खेळ सुटला. मग त्याने राहिलेली इंजिनियरिंगची परीक्षा दिली, काही वर्षं पुलांची कामं केली, आणि पुढे काय हुक्की आली कोण जाणे, निवडणुकीला उभा राहिला. मागल्या खेपेला थोडक्यात पडला. आता पडलो तर राजकारणाला रामराम, असं त्याने बायकोला देवासमोर वचन दिलं होतं.

"पोरगा चांगला हाय," हौसाबाई नवऱ्याच्या कानाशी लागल्या. "मंडपाचा मधला खांब किती वर्सं माझ्या डोल्यांसमोर यायचा! बुवांचं तोंडच दिसायचं न्हाय. पंढरीनं येऊन मापं घेतली, आकडेमोड केली, न् खांब काढून टाकला."

"मतांसाठी!" काका म्हणाले. "आजवर एक तरी कीर्तन ऐकलंय का त्यानं? तुझा खांब नेला, आता माझा नारळ न्यायचा हाय त्याला."

काकांना राग होता तो एवढाच. कीर्तन हा त्यांचा प्राण. आयुष्यभर चिपळ्यांच्या नादात वाढलेला माणूस. देवाचा नारळ ढोंग्याच्या हातात पडला तर वर गेल्यावर काय तोंड दाखवायचं, ही त्यांची चिंता.

बुवा उभे राहिले. उत्तररंगाला प्रल्हादाचं आख्यान लागलं. मितेश पहिल्या रांगेत फोनमध्ये डोकं घालून बसला होता. गुडघ्यामुळे पंढरीनाथला मांडी घालता येत नव्हती, म्हणून तो कडेच्या खांबाजवळ खुर्ची टाकून बसला होता.

इतक्यात खाडीवरून वारा सुटला. मंडपाचं कापड फुगलं, पताका फडफडल्या. मंडळी वर बघू लागली, तोच बुवांनी हात उंचावला, "पाहा! नुसतं नाव घेतलं, तर आभाळ हललं!"

टाळ्या पडल्या. बुवा रंगात आले. "बाप विचारतो, अरे, या खांबात आहे का तुझा देव? आणि ते लेकरू काय करतं? धावतं, आणि खांबालाच मिठी मारतं!"

कुणीतरी मागे बोट दाखवलं. सगळ्या माना वळल्या.

पंढरीनाथ खांबाला मिठी मारून उभा होता.

"नाटक," काका पुटपुटले.

पण नाटक करणारा माणूस मधूनच एक डोळा उघडून कोण कोण बघतंय ते पाहतो, हे काकांना अनुभवाने माहीत होतं. याने डोळे घट्ट मिटले होते. कपाळावर घाम, ओठ हलतायत, गालावरून पाणी वाहतंय.

"बघा, जप चाललाय," हौसाबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

मितेश अस्वस्थ झाला. "काका, पूरा ड्रामा आहे हां हा. मी पण पकडतो एक खांब, फोटो मस्त येईल." त्याने पलीकडच्या खांबाला मिठी मारली. प्रत्येक खांबाच्या बुडाशी केळीचे खुंट बांधलेले. त्यांचा चीक पांढऱ्या कुर्त्याला लागला, आणि त्याची भक्ती तिथेच आटोपली.

पंढरीनाथ मात्र हलला नाही. खांब फुटला, नरसिंह प्रगटला, हिरण्यकश्यपू संपला, तरी तो त्या मोडक्या गुडघ्यावर उभाच. काकांना वाटलं, हे आख्यान आपण इतक्यांदा ऐकलं, पण असं कधी कशाला बिलगलो नाही.

कीर्तन संपलं. बुवांनीच हाक दिली, "त्या भक्ताला पुढे येऊ द्या!"

पंढरीनाथने मान हलवली. "मी... इथंच बरा."

"काय ही नम्रता!" बुवा गहिवरले. सारा मंडप टाळ्यांनी दणाणला.

काकांचं ठरलं. नारळ घेऊन ते स्वतः खांबापाशी गेले. "घे, पंढरी. मी तुला वळखलाच न्हाय रं. सारा गाव तुझ्या मागं हाय."

पंढरीनाथने हात पुढे केला नाही.

"आता तरी सोड त्याला," काका मायेनं म्हणाले, आणि हळूच कानाशी वाकले. "खरं सांग, काय दिसलं रं तुला या खांबात?"

पंढरीनाथने डोळे उघडले. लोक बघत होते म्हणून तो हसला, आणि दात न उघडता म्हणाला, "काका, केळ बाजूला करून खाली बघा."

काकांनी केळीची पानं सारली. खांब खड्ड्यातून निखळून जमिनीपासून वीतभर वर लोंबकळत होता, आणि डोक्यावरचं कापड होडीच्या शिडासारखं फुगलं होतं.

"आता कुणाला न घाबरवता सगळ्यांना बाहेर जेवायला बसवा," पंढरीनाथ कुजबुजला. "आणि काका... तो मधला खांब मी काढायला नको होता."