नवव्याची जागा

फाटक वाऱ्याने आपटू नये म्हणून कुणीतरी खाली दगड लावला होता. लाल खडूची फुली असलेला. तो पाहिला आणि रांगवाल्या मावशीने सोबतच्या नातीचा हात घट्ट आवळला. दगड मावशीचाच होता.

दुसऱ्यांसाठी रांगेत जागा धरायची, हा मावशीचा धंदा. डोळ्यांच्या दवाखान्यात दिवसाला चाळीसच नंबर मिळतात. मावशी पहाटे येते आणि गिऱ्हाइकागणिक एकेक दगड मांडते. दगड म्हणजे माणूस, असं तिथे सगळे धरून चालतात. पण आज गिऱ्हाईक घरचंच होतं. मोठे डॉक्टर महिन्यातून एकदा येतात, आणि नातीचा डावा डोळा आणखी महिनाभर दम धरणार नाही, असं त्यांनी गेल्या खेपेला स्पष्ट सांगितलं होतं. नववा दगड मांडून मावशी पोरीला आणायला गेली काय, आणि इकडे हे होऊन बसलं!

"आजी, हात दुखतोय ना," नात म्हणाली. मावशीने मूठ सैल केली.

आवारात धुकं एवढं दाट होतं की माणसांचे पाय दिसत नव्हते. नंबराची खिडकी उघडली होती आणि रांग सरकत होती, झोपेत कुणी कूस बदलावी इतकी हळू. तिच्यात, खिडकीपासून चौथ्या ठिकाणी, एक माणूस मावेल एवढी मोकळी जागा होती. रांग सरकली की जागाही सरके. रांग थांबली की तीही थांबे.

त्या जागेमागे पोस्टमास्तर उभे होते. नोकरी कधीच संपलेली, हातात काठी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला.

"मास्तर, सरका की पुढे!" शेवटून शिंपी ओरडला. सुईत दोरा ओवता येईना म्हणून बिचारा दुकान बंद ठेवून आला होता, आणि तीनदा मोजूनही एक्केचाळिसावाच निघत होता. "तुमच्या पुढे कुणी नाहीये!"

"आहे."

"अहो, दगड होता, तोही वॉचमनने उचलून नेला! हवेच्या मागे उभे आहात तुम्ही!"

"पुढे नववा नसेल, तर मी दहावा कसा हो?" मास्तर म्हणाले, आणि काठी टेकत एकच पाऊल पुढे सरकले.

लोक खो खो हसले. पण मास्तरांना ओलांडून पुढे जायला कुणी धजलं नाही.

मावशीने नातीला त्या जागेत उभं केलं. थोड्या वेळाने खिडकीतून नऊ नंबरचा कागद पोरीच्या हातात पडला आणि मावशीला रडूच फुटलं. म्हाताऱ्याला दिसत नाही म्हणून आपलं निभावलं, हे काही तिच्या मनातून जाईना.

"मास्तर, खोटं कशाला बोलू? दगड खरंच गेला होता. तुमच्या पुढे काही नव्हतं."

"ठाऊक आहे. काठीला लागत नव्हता तो."

"मग?"

"मग काय? दगडाच्या मागे उभा राहायला मी काय खुळा आहे?"

चाळीस नंबर संपले, खिडकी बंद झाली. शिंपी पायरीवर मटकन बसला. मावशी त्याच्याजवळ गेली.

"पुढच्या महिन्याला मोठे डॉक्टर आले की तुमची जागा मी धरते, भाऊ. एक पैसाही घेणार नाही. कितवी धरू?"

"कितवीही धरा," शिंपी म्हणाला. "मागे फक्त मास्तर हवेत."