पहिला घोट

दवाखान्यात फानिझोची सोनोग्राफी करताना एस्नातने त्याच्या भावाला, मावुतोला, सहज सांगितलं, "पित्ताशयाची भिंत सुजलीय याची." पुढचं न ऐकताच मावुतो बाहेर धावला. शिरे नदीकाठी पित्त म्हटलं की एकच विष आठवतं, मगरीचं पित्त, बिअरमध्ये कालवलेलं. आणि गेल्या आठवड्यात लग्नात मामाने फानिझोला बिअर दिली, ती स्वतः आधी घोट न घेता. विष नाही हे दाखवायला देणाऱ्याने पहिला घोट घ्यायचा, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. मामा व्हरांड्यात भाच्यासाठी ऊस सोलत बसला होता. "मगर कुठं मारलीस, थेरड्या?" मावुतोने सायकलचा लोखंडी पंप त्याच्या तोंडावर हाणला. दात फरशीवर घरंगळले. जमलेले लोक ओरडले, "हाण! ओकू दे पित्त!" पंप डोक्यात बसत राहिला. एस्नात धावत येऊन मध्ये घुसली, तेव्हा एक फटका तिच्याही खांद्यावर बसला. "अरे मूर्खा, साधी कावीळ आहे पोराला! यकृत सुजलं की ती भिंतही जाड होते. तरुण पोरांत तर नेहमीच. कावीळ उतरली की ती सूजही उतरते. विष नाही, कापाकापी नाही!" "मग हा आधी प्यायला का नाही?" एस्नात खाली बसली. फुटलेल्या भुवईखालची मामाची पापणी तिने बोटाने उचलली. डोळा हळदीसारखा पिवळा होता. "वासानंच मळमळायचं रे," रक्त थुंकत मामा पुटपुटला. "लग्नघरात माझं दुखणं कुठं सांगत बसू?" मावुतोच्या हातातून पंप गळून पडला. "मामा, बघ ना माझ्याकडे." एस्नातने पापणी अजून उचलूनच धरली होती. मामा आता कुणाकडेच बघत नव्हता.