वरून घातलेलं

रक्षानं शेवटच्या नळीत तांब्याचं द्रावण सोडलं, तशी फुलाक्का बाळाची झोळी हलवायची थांबली.

“बाई, मी विहिरीचं पाणी तपासाया दिलं. तुम्ही त्यात आनिक तांबं घालताय व्हय?”

“मुद्दाम घालतेय. पाण्यात कुजलेल्या पानांचा अर्क उतरलाय, तो तांब्याचा रंग नीट उठू देत नाही. म्हणून त्याच पाण्यात मोजून तांबं घालायचं, दर नळीत थोडं जास्त. वरून काय घातलं ते ठाऊक असलं, की मुळात किती होतं ते कळतं.”

“माझी सून अशीच. मीठ पडलंय का न्हाई, ते आनिक घालून बगती.”

रक्षा हसली. झोळीत तिचं बाळ होतं. ती जोयड्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची, आणि फुलाक्का गुंद गावाहून रोज तिथंच प्रयोगशाळेत बाळ सांभाळायला यायची.

फुलाक्काची नात सुमन मात्र महिनाभर ओकत होती. पोटात तांबं जात असावं, असं डॉक्टर म्हणाले. सगळ्यांना विहिरीत बुडालेली तांब्याच्या तारांची जुनी मोटर आठवली. विहीर बुजवायचं घरात ठरतच आलं होतं.

त्याच्याही आधी, पोर नीट जेवत नाही एवढंच कळलं होतं, तेव्हापासून रक्षा तिच्यासाठी ताक धाडायची. एक दिवसाआड, पहाटे अंधारातच घाईनं भरून आणायची, आईनं बाळंतपणात दिलेल्या पितळी चरवीतून. ताक कळकू नये म्हणून नवी कल्हई केलेली, आतून चांदीसारखी.

तिनं एकेक नळी यंत्रात ठेवली. रंगानं किती उजेड गिळला ते वाचलं, कागदावर ठिपके दिले, त्यांतून रेघ मागं ओढत नेली. पाण्यात तांबं असतं, तर रेघ शून्याच्या डावीकडं जाऊन टेकली असती.

ती शून्यावरच आली.

“फुलाक्का, विहीर चांगली आहे. तांबं नाही त्यात.”

“देव पावला!” फुलाक्कानं हात जोडले. मग जोडलेले हात तसेच राहिले. “मंग पोरीच्या पोटात येतंय कुठनं?”

“आणखी काय खाते-पिते ती?”

“खातीय कुठं? सांजच्याला तुमचं ताक तेवढं पिती. आंबट झालं तरी थेंब ठेवत न्हाई.” फुलाक्कानं पिशवीतून चरवी काढून पुढं धरली. “तुमची वस्तू मळकी कशी द्यावी? आत पांढरं पांढरं धरलं हुतं. दर खेपेला चिंच लावून घासली, तवा गेलं. बगा की, आतनं बी सोनं!”

रक्षानं वाकून आत पाहिलं. तळातून तिचाच चेहरा तिच्याकडं बघत होता, पिवळाधमक.