भर बाजारात

फारूकभाईंनी पौडच्या बाजारात दुकानासमोर आडवी लावलेली गाडी काढायला सांगितली, तर तिच्यातून उतरलेल्या पुढाऱ्याने सगळ्यांदेखत त्यांच्या कानाखाली वाजवली. बाचाबाची सुरू होताच लेक अलमासने मोबाइल काढला होता. तिने तो व्हिडिओ लगेच सगळीकडे टाकला. "बघा अब्बा, आता त्याला तोंड दाखवायला जागा उरायची न्हाई."

व्हिडिओ पार मुंबईपर्यंत पोचला. आठवड्याभराने पुढारी बाजारात आला, तेव्हा पोरांनी त्याच्यासोबत सेल्फी काढले. फारूकभाईंनी मात्र दुकानात येणंच सोडलं होतं. अलमास घरी येऊन चिडली, "मारलं त्यानं, अब्बा. तुमी कशाला तोंड लपवताय?"

त्यांनी तिच्या हातातल्या मोबाइलकडे बोट केलं.

 

"तेवढा व्हिडिओ काढून टाक, पोरी. समद्या मुलखानं मला मार खाताना बघितलं."