उंदीर मारायची बंदूक

एल्क हरणापासून अस्वलापर्यंत सगळ्यांना पुरेल अशी एकच रायफल कुठल्या कॅलिबरची, यावरून मी आणि माझा धाकटा भाऊ वेंडेल जन्मभर भांडलो. मी थर्टी-ऑट-सिक्सवाला, तो त्याहून बारीक गोळीच्या टू-सेव्हन्टीवाला. अमेरिकेत, आमच्या मोंटानात, यावरून सोयरिकी मोडतात. आम्ही तर सख्खे भाऊ.

शेवटच्या दुखण्यात, दवाखान्यातही त्याने विषय काढलाच. "दादा, एकदा तरी माझी रायफल खांद्याला लावून बघ ना."

"ती उंदीर मारायची बंदूक? मेलो तरी हात लावणार नाही."

तो हसला, खोकला. मग माझा हात धरून म्हणाला, "बरं, राहिलं. पण माझी राख काडतुसांत भरायला सांगितलीय. यंदा पहिल्या एल्कवर ती तूच झाडायचीस. दे शब्द."

आमच्याकडे बरेच शिकारी असं करून घेतात. मी रडत रडत शब्द दिला.

वेंडेल गेल्यावर, शिकारीचा मोसम उघडायच्या आदल्या दिवशी त्याची बायको मार्लिस आली. काडतुसांचा डबा टेबलावर ठेवला आणि वेंडेलची रायफल माझ्यापुढे धरली.

"भाऊजी, ही पण घ्या. तुमच्या रायफलीत ही काडतुसं बसणार नाहीत, असं हे सांगून गेलेत."