नोरा जायच्या आत

"एका शब्दाला किती राबवतात गं ही माणसं!" झिनाईदा प्रोखोरोव्ना वैतागल्या. "आमच्या सूतगिरणीचा मुकादमसुद्धा एवढा निर्दय नव्हता."

इन्ना हसली. गेले तीन आठवडे रशियातल्या कोस्त्रोमा शहरातल्या या स्वयंपाकघरात ती एकच इंग्रजी शब्द शिकवत होती. 'गेट'. म्हणजे मिळणं, पोचणं, होणं, समजणं. रशियनमध्ये प्रत्येकाला वेगळं क्रियापद, आणि इथे सगळ्यांची मोट एकाच शब्दात बांधलेली. फ्रिजवर, चहाच्या डब्यावर, अगदी खिडकीच्या काचेवरही चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी झिनाईदाबाईंचा हा खटाटोप नातीसाठी होता. नोरा कॅनडात जन्मलेली, रशियनचा गंध नाही. "चौदा तारखेपर्यंतच आहे ती," बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "जायच्या आत मला तिच्याशी बोलायचंय."

आतल्या खोलीचं दार कायम बंद असे. ब्लिनी, म्हणजे पातळ धिरडी, तव्यावरून उतरल्या की पहिली बशी बाई आत नेऊन ठेवत. पोरगी एकदाही बाहेर आली नाही. इन्नाला तिचा मनस्वी राग यायचा.

आज चौदा तारीख होती.

"'नीट पोच', झालं. 'घाबरू नकोस', झालं." बाईंनी बोटं मोजली. "आता हे सांग: 'तू काय म्हणायचीस ते मला आता समजतं.' फोनवर ती किती बोलायची! आणि मी आपली नुसती येस, येस."

बाईंनी तिन्ही वाक्यं पाठ म्हणून दाखवली, न चुकता. इन्नानं खुशीनं मान डोलावली.

"जा, सांगून या तिला."

"जमेल ना? माझे उच्चार ऐकून हसेल ती."

"हसू दे की! थांबा, मीच येते सोबत. मलाही तिला चार शब्द ऐकवायचेत. आजीनं इतका जीव टाकायचा, आणि ही आपली दार लावून बसलीय!"

बाई काही बोलायच्या आत इन्नानं दार ढकललं.

खोलीत कुणीच नव्हतं. मेजावर नऊ-दहा वर्षांच्या मुलीचा हसरा फोटो होता. समोर ब्लिनीची बशी, पाण्याचा पेला, आणि पेल्यावर काळ्या पावाचा तुकडा. गेलेल्या माणसासाठी ठेवतात तसा.

बाईंनी डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि त्या फोटोसमोर उभ्या राहिल्या.

"चाळीस दिवस जीव आपल्या माणसांतच असतो ना गं," त्या म्हणाल्या. "आज चाळिसावा. आणि तिला रशियन कुठे येतं?"